आधी उगवण बघा, मग पेरा! वेबसाइट बनवणाऱ्यांना आणि बनवून घेणाऱ्यांना चार शब्द

मित्रहो, आज जरा लांबलचक लिहितोय. विषय कोरडा वाटेल, पण शेवटी तो तुमच्या ट्रॅक्टरच्या रांगेपाशीच येऊन थांबतो, म्हणून पूर्ण वाचा.

मागच्या आठवड्यात आपल्या भागातल्या एका संस्थेच्या बैठकीला जाऊन बसलो होतो. नाव घेत नाही. एकट्या त्या संस्थेचा दोष नाही, बहुतेक ठिकाणी हेच चालतं. विषय चांगला होता. सोयाबीन-तुरीच्या हंगामात माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याला रात्र-रात्र ट्रॉलीवर झोपावं लागतं, तर मापाचा नंबर ऑनलाइन द्यायचा. घरबसल्या नंबर घ्या, दिलेल्या दिवशी या, माप करा, घरी जा. कल्पना झकास. टाळ्या मीही वाजवल्या.

मग ठेकेदाराच्या माणसानं लॅपटॉप उघडला. पहिल्या पानावर उगवता सूर्य, डोलणारं पीक, वर पदाधिकाऱ्यांचे फोटो, खाली सरकणारी पट्टी. "साहेब, पंधरा दिवसांत चालू करून देतो."

मी तीन प्रश्न विचारले. एक, ज्याच्याकडे साधा मोबाइल आहे तो नंबर कसा घेणार? दोन, पाऊस आला आणि दोन दिवस माप बंद राहिलं तर पुढच्या सगळ्यांचे नंबर कसे सरकणार, आणि ते त्यांना कळणार कसं? तीन, नाव टाकताना चूक झाली तर दुरुस्ती कोण करणार?

उत्तर आलं, "पत्रकार साहेब, ते नंतर बघू. आधी चालू तर करू."

मी म्हटलं, आधी कागदावर मांडा. कोण येणार, काय विचारणार, कुठं अडणार, ते लिहून काढा. चार शेतकऱ्यांना दाखवा. त्यावर एक जण हसून बोलले, "भाऊ, ते डिझाइन-बिझाइन पुण्या-मुंबईचे नखरे आहेत. आपल्या झरीला, परभणीला काय करायचं त्याचं?"

त्या हसण्याला उत्तर म्हणून ही पोस्ट.

सोयाबीन पेरणारा माणूस काय करतो?

आपल्याकडचा शहाणा शेतकरी घरचं सोयाबीन बियाणं थेट रानात नेत नाही. तो शंभर दाणे मोजतो, ओल्या गोणपाटात रांगेनं मांडतो, गुंडाळून सावलीत ठेवतो, रोज पाणी शिंपडतो. आठवड्यानं उघडून कोंब मोजतो. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरणीलायक. कमी उगवले तर बियाण्याचं प्रमाण वाढवायचं, फारच कमी असले तर ते बियाणं बाजूला ठेवायचं. कृषी विभाग दरवर्षी मे-जूनमध्ये हेच सांगत फिरतो.

ही काय आहे? पद्धत आहे. ठरलेली, पायरीपायरीची, मोजमाप असलेली पद्धत. शंभर दाण्यांचा आणि एका पोत्याच्या तुकड्याचा खर्च. ती न केल्याचा खर्च किती, हे २०२० च्या खरिपात मराठवाड्यानं पाहिलं. सोयाबीन उगवलंच नाही म्हणून तक्रारींचा ढीग लागला, इतका की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्यातलं बरंचसं बियाणं विकतचं होतं, तिथं दोष शेतकऱ्याचा नव्हता. पण तपासणी न झालेल्या मालाची किंमत मात्र त्यानंच मोजली. दुबार पेरणी त्याच्याच माथी आली.

वेबसाइटचंही तेच. न तपासता चालू केलेल्या पोर्टलची दुबार पेरणी ठेकेदार करत नाही. ती रांगेत उभा असलेला माणूस करतो. दुसरी चक्कर, दुसरी झेरॉक्स, दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडालेली. बजेटच्या कुठल्याच रकान्यात हा खर्च लिहिलेला नसतो, म्हणून तो कुणाला दिसत नाही.

आता कर्जमाफी आठवा.

आधीच सांगतो, कमेंटमध्ये पक्ष आणू नका. कोणतं सरकार चांगलं, कोणतं वाईट, हा आजचा विषय नाही. मी फक्त दोन योजनांच्या मांडणीची तुलना करतोय.

जून २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. आकडा ३४ हजार कोटींचा, दीड लाखापर्यंतची माफी. चुकीच्या माणसाला लाभ जाऊ नये हा हेतू होता, आणि हेतू रास्तच होता. आधीच्या माफीत कुणाकुणाचं भलं झालं ते गावाला माहीत होतं. म्हणून ठरलं, प्रत्येक शेतकऱ्यानं ऑनलाइन अर्ज करायचा. आणि माफीचा हिशोब माणसामागं नाही, कुटुंबामागं. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं.

इथंच गोम होती. बँकेत कुटुंबाचं खातं नसतं, माणसाचं असतं. बँकेच्या कॉम्प्युटरला कोण कुणाची बायको हे माहीत नाही. ते सांगायचं काम शेतकऱ्यावर आलं. अर्जात दोघांचीही माहिती, दोघांचेही आधार. दुसरीकडून बँकांना प्रत्येक खात्याची माहिती ६६ रकान्यांत भरून द्यायला सांगितली. मग शेतकऱ्यानं भरलेलं आणि बँकेनं भरलेलं जुळवायचं. गावोगावच्या केंद्रांवर काय झालं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. सर्व्हर बंद, ओटीपी येईना, कष्टानं झिजलेल्या बोटांचा ठसा मशीन घेईना. अर्जाची मुदत १५ सप्टेंबरवरून २२ सप्टेंबर करावी लागली. ५६ लाखांवर अर्ज आले.

दिवाळीच्या तोंडावर, १८ ऑक्टोबरला, प्रमाणपत्रं वाटली. आणि त्यानंतर खरी मजा. याद्यांचा मेळ बसेना. एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी दिसतात अशा बातम्या आल्या. प्रमाणपत्र हातात, पण खात्यात पैसे नाहीत, असे लोक बँकेच्या पायऱ्या चढू-उतरू लागले. हे महिनोन् महिने चाललं.

आता दुसरी बाजू. डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. दोन लाखांपर्यंतचं थकीत पीककर्ज. इथं शेतकऱ्याकडून अर्जच घेतला नाही. बँकेकडं माहिती आहे ना, मग बँकेनंच द्यावी. कुटुंबाची भानगड काढून टाकली, हिशोब माणसामागं. यादी गावात आणि बँकेत लावायची, प्रत्येक नावाला एक क्रमांक. शेतकऱ्यानं फक्त तो क्रमांक आणि आधार घेऊन केंद्रावर जायचं, पडद्यावरची रक्कम बघायची. बरोबर असेल तर अंगठा, चूक असेल तर तिथंच तक्रार नोंदवायची, आणि ती तक्रार पाहायला जिल्हाधिकाऱ्यांची समिती. एकदम राज्यभर नाही. २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी निघाली ती फक्त ६८ गावांची. त्यात आपल्या परभणी जिल्ह्यातलीही गावं होती. तिथं काय अडतं ते बघितलं, आणि मग पुढच्या मोठ्या याद्या. ३० लाखांवर खात्यांना त्या योजनेचा लाभ झाला.

त्यात सगळं गोड होतं का? नाही. दोन लाखांच्या वरचे लटकले. अंगठा न उमटणारे तिथंही होते. नियमित फेडणाऱ्यांना पन्नास हजारांचं प्रोत्साहन मिळायला २०२२ उजाडलं. आणि कुणी म्हणेल, दुसऱ्यांना पहिल्यांच्या चुका बघायला मिळाल्या, बँकांचा डेटा आधीच बराच साफ झाला होता. खरं आहे. मी तेच म्हणतोय! चुका बघून, अडथळे ओळखून, नियम सोपे करून मग पोर्टल बांधलं. पण त्या चुका कळायला ५६ लाख अर्ज भरून घ्यायची गरज होती का? दोन गावांत, शंभर माणसांवर, कागदावर फॉर्म भरून बघितला असता तर पहिल्या दिवशी कळलं असतं की खातं माणसाचं आहे आणि हिशोब कुटुंबाचा, हे जुळणार नाही. शंभर दाणे, एक गोणपाट.

आणि इथं एक गोष्ट लक्षात घ्या. दोन्ही योजनांत फरक पडद्याच्या रंगाचा नव्हता. बटन डावीकडं की उजवीकडं, असाही नव्हता. फरक होता "कुणाकडून काय विचारायचं" या निर्णयाचा. यालाच डिझाइन म्हणतात. आपल्याकडं डिझाइन म्हटलं की लोकांना उगवता सूर्य आठवतो. सूर्य शेवटी लावा हो, आधी रस्ता आखा.

आता विरोधकांचं म्हणणं घेऊ. त्यातही दम आहे, उगाच टाळून चालणार नाही.

पहिलं म्हणणं असं, "या ठरलेल्या पद्धती म्हणजे कागदांचा ढीग. दोनशे पानांचा अहवाल, कुणी वाचत नाही, टेंडरला जोडायला तेवढा उपयोगी."

हे अर्धं खरं आहे. मी स्वतः असे अहवाल पाहिलेत. दुसऱ्या जिल्ह्याचं नाव खोडून आपल्या जिल्ह्याचं टाकलेलं, पान ४० वर जुनं नाव तसंच राहिलेलं. अशा अहवालाला मी पद्धत म्हणत नाही. ते सोपस्कार झाले. सत्यनारायणाच्या पूजेला पोथी न वाचता नुसता प्रसाद वाटावा तसं. पण खोटी उगवण चाचणी करणारे आहेत म्हणून उगवण चाचणीच बंद करायची का?

दुसरं म्हणणं शिकलेल्या पोरांचं. पुण्यात नोकरीला असलेला आपल्याच गावचा एक पोरगा मला म्हणाला, "काका, आता सगळं आधी ठरवून करायचे दिवस गेले. थोडं बनवायचं, लोकांना द्यायचं, बघायचं, सुधारायचं. आधीच सगळं आखणं म्हणजे जुनाट."

पोरगं हुशार आहे, आणि त्याचं म्हणणं हवेतलं नाही. २००१ साली अमेरिकेत सतरा जाणकारांनी मिळून याच विचाराचा जाहीरनामा काढला होता. त्यांचं म्हणणं, जाड कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोलाचं. पण त्याच जाहीरनाम्यात त्यांनी हेही मान्य केलं की कागदपत्रांनाही किंमत आहे, फक्त दुसऱ्याची किंमत जास्त. आपल्याकडं पहिला भाग पोहोचला, दुसरा रस्त्यात सांडला. गंमत म्हणजे ज्या जुन्या पायरीपायरीच्या पद्धतीला नावं ठेवतात, तिचं मूळ म्हणून विन्स्टन रॉइस यांचा १९७० चा लेख दाखवतात. त्या लेखात रॉइस स्वतःच सांगतात की एका सरळ रेषेत, मागं न बघता काम करणं धोक्याचं आहे. म्हणजे दोन्ही बाजूंचे मूळ लोक शहाणे, वाद घालणारे आपण अर्धवट.

थोडं बनवून सुधारत जाणं मला मान्य आहे. ई-पीक पाहणीचंच बघा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ॲप आलं. रानात रेंज नाही, फोटो जात नाही, पिकाचं नाव चुकलं तर तलाठ्याच्या मागं फिरा. दुसऱ्या वर्षी नवी आवृत्ती आली, तिच्यात ४८ तासांच्या आत एकदा स्वतःच दुरुस्ती करायची सोय दिली. चांगलं झालं, सुधारलं. पण मला सांगा, नोंद करताना माणूस चुकतो हे कळायला एक अख्खा खरीप कामून लागावा? आपल्या शाळेतल्या मास्तरांनी पाटी देताना खोडायला ओलं फडकंही दिलं होतं. सुधारत जाण्याला विरोध नाही. विरोध आहे तो "सुधारू नंतर" या शब्दांमागं आळस लपवायला. ॲपवाल्याला सुधारायला दुसरं वर्ष मिळतं. शेतकऱ्याचा पहिला हंगाम परत येत नाही.

तिसरं म्हणणं, "वेळ नाही, पैसा नाही."

वेळ? अमेरिकेसारख्या देशानं २०१३ च्या १ ऑक्टोबरला आरोग्य विम्याचं सरकारी संकेतस्थळ चालू केलं. पैसा मुबलक, कंपन्या मोठाल्या, तारीख पुढाऱ्यांनी ठरवलेली. संपूर्ण तपासणी झालेली नव्हती. पहिल्या दिवशी किती लोकांची नोंदणी पूर्ण झाली असेल? सहा. सहा लाख नाही, सहा हजार नाही, सहा माणसं. मग महिने दोन महिने माणसं बसवून ते दुरुस्त केलं. उलट ब्रिटननं २०११ साली सरकारी संकेतस्थळांसाठी वेगळा विभाग काढला आणि नियम घातला की आधी वापरणाऱ्याची गरज शोधा, मग कच्चा नमुना, मग थोड्या लोकांवर चाचणी, आणि मगच सगळ्यांसाठी खुलं. प्रत्येक पायरीवर कुणीतरी बघून "पुढं जा" म्हणायचं. त्यात जादू काही नाही. आपल्या गोणपाटाचीच इंग्रजी आवृत्ती.

पैसा म्हणाल, तर मी सांगतोय त्याला लय पैसा लागत नाही. पाच कागद लागतात. लिहून घ्या.

कागद पहिला: येणार कोण? नुसतं "शेतकरी" लिहू नका. स्मार्टफोनवाला तरुण, साध्या फोनवाला म्हातारा, नवऱ्याच्या नावावर सातबारा असलेली बाई, बटईनं करणारा. चौघांची नावं वेगळी लिहा, प्रत्येकाची अडचण वेगळी लिहा.

कागद दुसरा: प्रत्येकाला जाताना हातात काय मिळालं पाहिजे? नंबर, तारीख, वेळ, आणि नंबर बदलला तर निरोप. बस्स. यात नसलेली माहिती विचारूच नका. जात, धर्म, ईमेल, आईचं नाव कशाला पाहिजे मापाच्या नंबरला?

कागद तिसरा: बिघडलं तर काय? पाऊस, वीज गेली, वजनकाटा बंद, माणूस आलाच नाही, दोनदा नंबर घेतला, दलालानं पन्नास नंबर अडवले. प्रत्येकापुढं उत्तर आणि ते करणाऱ्या माणसाचं पद. ज्या ओळीपुढं उत्तर नाही, ती ओळ सुटेपर्यंत पुढं जायचं नाही. दलालाची ओळ तर तांबड्या पेनानं लिहा, कारण ऑनलाइन झालं की दलाल जातो हा भ्रम आहे. तो केंद्रात खुर्ची टाकून बसतो.

कागद चौथा: पडदे पेन्सिलनं काढा. एका पानावर एक पडदा. सूर्य नको.

कागद पाचवा: ती पानं घेऊन बाजाराच्या दिवशी झरीच्या स्टँडसमोर बसा. पाच माणसांना म्हणा, "दादा, मावशी, हा मोबाइल आहे असं समजा आणि नंबर घेऊन दाखवा." आपण तोंड उघडायचं नाही. ती कुठं थांबतात तेवढं लिहायचं. या क्षेत्रातले जाणकार जेकब नील्सन यांनी २००० सालीच मांडलं होतं की पाच जणांवर तपासलं तरी बहुतेक चुका उघड्या पडतात. सगळ्या नाही पडणार, पण ज्यांच्यामुळं रांग लागते त्या पडतील.

आठ-दहा दिवसांचं काम. खर्च चहाचा आणि झेरॉक्सचा. एवढं करायला कुणाची पदवी लागत नाही. मी पत्रकारितेची पदविका केलेला माणूस, मला प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो कळत नाही. पण बातमी लिहिण्याआधी कोण, कुठं, केव्हा, काय, कसं, का हे विचारायचं, एवढं मला शिकवलं होतं. तेच प्रश्न पोर्टलला लावा.

शेवटचं म्हणणं सगळ्यात जास्त टोचलं, ते असं की "हे पुण्या-मुंबईचे नखरे."

उलट आहे, भाऊ! पुण्यातल्या माणसाचं ॲप बिघडलं तर तो दुसरं ॲप उघडतो. कस्टमर केअरला फोन लावून झापतो. आपल्याकडं पर्याय एकच, आणि तो बंद पडला तर परभणीची एसटी. जिंतूर रोडवर उभं राहून बसची वाट बघणाऱ्या म्हातारीला विचारा, एका चुकीच्या अक्षरासाठी तिच्या किती चकरा झाल्या. जिथं माणसाकडं चूक सोसायची ऐपत कमी, तिथं मांडणी जास्त नेटकी पाहिजे. नखरे कुणाला परवडतात तर "आधी चालू करू, नंतर बघू" म्हणणाऱ्याला. त्याला रांगेत उभं राहायचं नसतं.

म्हणून त्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. सोयाबीन घरात यायला अजून अवकाश आहे. ठेकेदाराला पहिला हप्ता वेबसाइट चालू झाल्यावर देऊ नका, हे पाच कागद आणि पाच माणसांची चाचणी दाखवल्यावर द्या. तसं टेंडरमध्येच लिहा. पहिला आठवडा चार-दोन गावांपुरता चालवा. आणि साध्या फोनवाल्यासाठी खिडकीवर वही ठेवा, वहीतला नंबर आणि मोबाइलमधला नंबर एकाच रांगेत धरा.

हे केलंत तर पहिली बातमी कौतुकाची मीच लिहीन, फोटोसकट. नाही केलंत, तरी बातमी लिहावीच लागेल. रात्री दोन वाजता, ट्रॉलीवर झोपलेल्या माणसाशेजारी बसून.

तुमच्या गावात कोणत्या पोर्टलवर, कोणत्या पानावर तुम्ही अडलात? पक्ष नको, शिव्या नकोत. पान कोणतं आणि अडचण काय, एवढंच कमेंटमध्ये लिहा. सगळ्या एकत्र करून बैठकीत नेऊन ठेवतो. आपला पहिला कागद तिथूनच सुरू होईल.